पाहुणा आवाज आणि घरचा आवाज

आप्पा,

आज सकाळी आमच्या शाळेच्या आवारात एका मोटारीचं इंजिन ठोके देत होतं. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष बक्षिसं वाटायला आले होते आणि त्यांनी गाडी बंद करू दिली नव्हती, कारण या थंडीत ती पुन्हा सुरू होईल याचा त्यांना भरवसा नव्हता. पौषातली सकाळ. मुली शाली लपेटून रांगेत उभ्या होत्या, बोलल्या की त्यांच्या तोंडातून वाफ निघत होती. गाडीपाशी अध्यक्षांचा ड्रायव्हर उभा होता. पांढऱ्या मिशांचा, खांदे उतरलेला माणूस. बॉनेटवर तळहात ठेवून तो सांगत होता, "थंडीचा आवाज हाय साहेब. ऊब आली की जातोय." मी हजेरीची वही छातीशी धरून व्हरांड्यात उभी होते. गाडीला ऊब येऊन बराच वेळ झाला होता. तो आवाज जाणार नाही हे मला कळत होतं. तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली, आणि या नऊ वर्षांत मी जाणूनबुजून कुठल्याही गाडीला कान दिला नव्हता. पुढे मी काय केलं ते सांगतेच. पण त्याच्या आधीचं काही आहे, ते मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय आजचं सांगता येणार नाही.

तुम्हाला आठवत असेल, आपण सात रस्त्याजवळ वकीलसाहेबांच्या बंगल्यामागच्या खोलीत राहायचो. साहेबांची मोटार चालवायची आणि ती दुरुस्तही तुम्हीच करायची, असं तुमचं काम. खोली त्या कामाबरोबर मिळालेली. काम गेलं तर खोली जाईल, हे आई दिवसातून एकदा तरी ऐकवायची, आणि ऐकायला मीच असायचे. थंडीच्या दिवसांत आई उजाडायच्या आत चुलीवर हंडाभर पाणी तापवते. अंघोळीचं नव्हे, मोटारीच्या पाण्याच्या टाकीत ओतायचं, म्हणजे गारठलेलं इंजिन हँडल मारल्यावर चटकन जागं होईल. आई तुमच्याकडे पाठ करून जाळ सारते आणि खणखणीत आवाजात बोलते, "घरच्या मानसांनी गार पान्यानं मरायचं आन हिला ऊन पानी. आन हा बहिरा मुडदा! धा वर्षं मिलला कान दिलं, आता माझं डोस्कं खातोय." तुम्ही वळून विचारता, "काय म्हनलीस?" आई तोंड तुमच्याकडे करते आणि शांतपणे म्हणते, "भाकरी करपली म्हनलं." मी ओढणी तोंडात कोंबून हसते. तुम्ही मला हसताना बघता आणि हातातली काठी माझ्या डोक्यात टकदिशी मारता. का मारली हे तुम्हाला माहीत नसायचं, पण मार बरोबर माणसाला बसायचा.

तुमचे कान मिलच्या साच्याखात्यात गेले. तिथे कापड विणणारे शेकडो साचे एकदम चालतात, आणि शेजारच्या माणसाच्या कानाशी ओरडलं तरी त्याला ऐकू जात नाही. म्हणून तिथली माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलतात. तुम्हीही ते शिकलात. मिल सोडून मोटारीच्या कामाला लागलात तेव्हा कान थोडे शिल्लक होते, पुढे तेही गेले. पण समोरचा माणूस तोंड दाखवून बोलला तर तुम्ही एक शब्द चुकवत नव्हतात. वकीलसाहेबांना शंकासुद्धा आली नाही. थंडी तर तुमची आवडती. कानाला लाल फडकं घट्ट गुंडाळलं की मागून मारलेली हाक चुकली तरी चालून जायचं, साहेब म्हणायचे, "अरे, ते कानावरचं काढ म्हणजे ऐकू येईल." पण मोटारीला ओठ नव्हते. बहिऱ्याच्या हाती मोटार कोण देईल? म्हणून मी होते. तेरा वर्षांची असल्यापासून रोज सकाळी शाळेच्या आधी मी तुमच्यासाठी मोटार ऐकत होते. साहेबांना वाटायचं, पोरगी बापाला पाना-पक्कड द्यायला येते.

काठी साच्यातलीच होती, धोट्याला मारणाऱ्या लाकडी काठीचा मोडका तुकडा. तिचं एक टोक तुम्ही इंजिनावर टेकवायचात आणि दुसरं माझ्या कानाला लावायचात. मग मी काय ऐकलं ते तोंडानं काढून दाखवायचं. शब्दात सांगितलेलं तुम्हाला चालत नसे. एकदा मी म्हटलं, "आप्पा, दुरून लोहाराचं दुकान ऐकू यावं तसा आवाज आहे," तर काठी डोक्यात बसली. "निबंद सांगू नको. आवाज काढ." मी तुमच्या तोंडासमोर तोंड नेऊन टक, टक, टक करते आणि तुम्ही माझी जीभ आणि ओठ बघता. हलका आवाज असेल तर जीभ टाळ्याला लागते. जड असेल तर ओठ मिटतात: ढब, ढब. माझ्या ओठांवरून तुम्हाला मोटार ऐकू येत होती. मी उगीच घाई केली, दोन आवाज एकात मिसळले, की मार. बरोबर काढला तर काही नाही. शाबासकीचा शब्द तुमच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. फक्त मान हलवून तुम्ही पाना उचलायचात.

आणि तरीही आप्पा, मला जे काही नेमकं शिकवलं गेलं ते तिथे. थंडीत मोटार नाना तऱ्हेनं बोलते. चाकांवरच्या स्प्रिंगांचं, कमानींचं, ग्रीस गोठलं की त्या करकरतात, त्याकडे बघायचं नाही. चाकांच्या लाकडी आऱ्या कोरड्या हवेत आक्रसतात आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा कट्ट वाजतं. आदल्या संध्याकाळी चाकांवर पाणी मारून ओलं पोतं टाकायचं, बैलगाडीवाले करतात तसं. इंजिनाच्या आतून हलकी, पोकळ टकटक आली तर टाकीवर तळहात टेकून थांबायचं. चटका बसण्याइतकी टाकी तापली आणि टकटक गेली, तर तो पाहुणा. "थंडीत येतो, ऊब आली की जातो. त्येला काय करायचं न्हाय." पण ऊब आल्यावर, तेल पातळ झाल्यावर, खालून जो जड ठोका येतो तो घरचा. "त्यो कुटं जात न्हाय. त्यो घर घिऊनच जातो." म्हणून रोज तुमचे दोन प्रश्न ठरलेले होते. आधी, "पाहुना गेला का?" मग, "मागं कोन आलं का?" आणि गाडी रस्त्यावर असताना मी तुमच्या शेजारी बसले, तर काही ऐकू आल्याबरोबर तुमच्या कोपराला हात लावायचा. हात लागला की तुम्ही थांबणार. ही आपली खूण होती.

मी मॅट्रिकला होते त्या वर्षी, अशाच थंडीत, आमच्या मोठ्या बाई घरी आल्या. तुम्ही त्यांना तेलाचा डबा पालथा घालून, वर धुतलेलं फडकं टाकून बसायला दिलंत. त्या म्हणाल्या, "मुलीला पुढं पुण्याला पाठवा. तिच्या राहण्याचं मी बघते. इतकी हुशार मुलगी आमच्या शाळेत अजून झाली नाही." तुम्ही त्यांच्या ओठांकडे बघत होतात. मग हसून माझ्याकडे बोट केलंत. "बाई, हिच्या थोबाडाकडं बघा की. शिकून गोरी व्हनार हाय का ही? मेंढरं राकनाऱ्याची नात. मॅट्रिकपतुर आली हेच लई झालं. फुडच्या साली उजवून टाकतो." बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. आई एरवी तुमच्या पाठीला बोलायची, त्या दिवशी समोर येऊन म्हणाली, "जाऊ द्या की वो पोरीला." तुम्ही तिच्याकडे बघून हळूच म्हणालात, "आन माझं काय मग?" ते तुमचं खरं उत्तर होतं, हे मला आज कळतं. तेव्हा मी चुलीपाशी पेले विसळत होते आणि माझ्या कानात फक्त "गोरी" एवढाच शब्द राहिला होता.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर तुम्ही खोलीच्या दारात मांडी घालून बसला होतात. मांडीवर इंजिनाच्या बाजूचं लोखंडी झाकण, त्यावर एक जाड पुठ्ठा, आणि लहान हातोडीनं कडेकडेनं ठोकत तुम्ही पॅकिंग कापत होतात. झाकणातून तेल झिरपत होतं ते थांबवायला. पुठ्ठ्याला सोनेरी कड होती. निबंधाच्या चढाओढीत मला मिळालेलं प्रशस्तिपत्र. मी ते ट्रंकेत, परकराच्या घडीत ठेवलं होतं. निबंधाचा विषय होता सत्य. मी म्हटलं, "आप्पा, ते माझं बक्षीस होतं." तुम्ही माझ्या ओठांवरून ते वाचलंत, नीट वाचलंत. "लई झ्याक कागद हाय," म्हणालात. "असा बाजारात घावत न्हाय. ट्रंकेत पडून काय करीत व्हता? आता मोटारीत बसून हिंडंल." आणि हसलात. मग छिद्रं पाडण्यासाठी एक खिळा मागितलात. मी तो आणून दिला.

हे पुढचं मी फार वेळा मनात लिहून काढलं आहे, पण कागदावर आज पहिल्यांदा. त्यानंतरची सकाळ. कडाक्याची थंडी. साहेबांचे जावई आले होते आणि सगळे होटगीकडच्या मळ्यावर हुरडा खायला निघणार होते. आई हंडा आणून देते, तुम्ही टाकीत ऊन पाणी ओतता, हँडल मारता. टकटक सुरू होते. हलकी, पोकळ. तुम्ही काठी लावता, मी कान देते. टाकी तापत जाते आणि टकटक विरत जाते. तुम्ही विचारता, "पाहुना गेला का?" मी म्हणते, "गेला." ते खरं होतं. मग त्याच्या मागून, खोल कुठून तरी, कुणी जमिनीखाली मुसळ टाकावं तसा तो येतो. एकदा. मग जरा थांबून पुन्हा. मी काठी कानापासून हलवत नाही. तुम्ही विचारता, "मागं कोन आलं का?" त्या वेळी माझे ओठ मिटायला हवे होते, आप्पा. मी ते मिटू दिले नाहीत. मी म्हटलं, "न्हाय."

तुम्ही एकदम उठला नाहीत. काठी माझ्या हातातून घेतलीत आणि तिचं टोक स्वतःच्या दातांत धरलंत. तुम्ही कधीमधी असं करायचात. कान गेले तरी दातांतून हाडाला थोडं कळतं म्हणायचात. जरा वेळ तसेच वाकून राहिलात. मग काठी काढून माझ्याकडे बघितलंत. "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तुम्ही काठी फडक्यानं पुसून सीटखाली ठेवलीत, कानाला लाल फडकं गुंडाळलंत आणि साहेबांना जाऊन सांगितलंत की गाडी तयार आहे.

मी तुमच्या शेजारी बसले आहे, मांडीवर दह्याचं गाडगं आणि शेंगांच्या चटणीचा डबा. मागे साहेब, बाईसाहेब आणि जावई. होटगीचा रस्ता खडीचा, सगळी गाडीच थरथरते. पायाला लागलेला ठोका खडीचा की इंजिनाचा हे मीच सांगायचं असतं. गाव मागे पडतं आणि तो मोठा होतो. ढब. ढब. जावई म्हणतात, "मामा, तुमची मोटार कांडण करायला लागली की." बाईसाहेब हसतात. साहेब पुढे वाकून म्हणतात, "अरे, हा कसला आवाज?" तुम्ही समोर बघत गाडी हाकता. सकाळचं ऊन तोंडावर आलेलं, तुमचा चेहरा खुशीत. साहेब ओरडतात, "थांबव! अरे थांबव म्हणतो ना!" ज्वारीच्या शेतात राखणीला बसलेली माणसंसुद्धा उठून बघायला लागतात. रस्त्यावरच्या सगळ्यांना तो आवाज ऐकू येत होता, फक्त तुम्हाला नाही. तुमचं कोपर माझ्यापासून वीतभर होतं. मी दह्याचं गाडगं दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. दही सांडू नये म्हणून धरलं असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते.

मग आत काहीतरी फुटलं. गाडी हिसका बसून रस्त्यात आडवी थांबली, बॉनेटखालून धूर आला आणि जळक्या तेलाचा वास. तुम्ही उतरून बॉनेट उघडलंत. आतला दांडा तुटून इंजिनाची कूस फोडून बाहेर आला होता. बाजूचं झाकण लोंबत होतं आणि त्याच्या कडेला काळ्या तेलात माझ्या प्रशस्तिपत्राची बोटभर सोनेरी कड दिसत होती. तुम्ही वाकून नुसते बघत राहिलात. साहेब खाली उतरून तुमच्या मागे उभे राहिले. "घसा फुटला माझा ओरडून! बहिरा आहेस काय रे?" तुम्ही वळला नाहीत. ती शिवी होती, आप्पा, तिला कुणाचंही उत्तर नको होतं. मी गाडीतून म्हटलं, "होय. बहिरेच आहेत ते. चार वर्षं झाली. मला माहीत होतं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले, म्हणून तुम्हीही वळलात. माझे शेवटचे दोनच शब्द तुम्हाला दिसले असतील. साहेब तुमच्यासमोर आले आणि एकेक शब्द सावकाश म्हणाले, लहान मुलाशी बोलावं तसं, "मग सकाळी गाडी ठीक आहे म्हणून कुणी सांगितलं?" मी वाट बघत होते. तुम्ही माझ्याकडे बोट कराल, पाठीत रट्टा घालाल, आणि मग मीही सगळं ओरडून सांगेन, असं मी ठरवलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्या, साहेब. म्याच ऐकलं." जावई आधी हसले. "बहिऱ्यानं ऐकलं!" मग साहेबही हसले, मग बाईसाहेब. तुम्ही त्यांची हसणारी तोंडं एकामागून एक बघत होतात. कानावरचं फडकं सुटून खांद्यावर आलं होतं.

परत येताना भाड्याच्या टांग्यात बाईसाहेब म्हणाल्या, "पोरगी मात्र खरं बोलली हो. बापाची भीड धरली नाही." साहेबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दोन दिवसांत आपण खोली सोडली. आईनं चूल उकरून टाकली आणि तुमच्या पाठीला एक शब्द बोलली नाही. तुम्ही दोघं गावी काकांच्या मेंढरांकडे गेलात, आणि परीक्षा झाल्यावर साहेबांनी मोठ्या बाईंना सांगून माझी पुण्याला जाण्याची व्यवस्था केली. अशी खरं बोलणारी मुलगी शिकली पाहिजे म्हणाले. आपल्या घरातली पहिली पदवी अशी आली. मला ती मिळाली तेव्हा सोलापुरात माझा सत्कार झाला, आणि साहेबांनी भर सभेत होटगीच्या रस्त्याची ही गोष्ट सांगितली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी मान खाली घालून बसले होते. त्याला विनय म्हटलं गेलं.

पण तो सत्कार तुम्ही गेल्यानंतरचा. तुमची शेवटची थंडी माझ्या कॉलेजच्या दुसऱ्या वर्षातली. आईनं कुणाकडून तरी पत्र लिहून घेतलं आणि मी गावी आले. तुम्ही घोंगडीवर पडून होतात, छातीत घरघर. काठी भिंतीला टेकून उभी होती. मेंढरं हाकायला ती पुरत नव्हती, तरी तुम्ही ती बाळगून होतात असं आई म्हणाली. मला बघून तुम्ही काठीकडे बोट केलंत. मला कळेना. तुम्ही चिडून छातीवर हात मारलात. "लाव की." मी काठीचं एक टोक तुमच्या छातीवर ठेवलं आणि दुसऱ्याला कान लावला. पुण्याला मी तेव्हा न्यायशास्त्र, खरं-खोटं पारखायचं शास्त्र, शिकत होते. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघून विचारलंत, "पाहुना हाय का घरचा?"

मी म्हटलं, "पाहुणा आहे, आप्पा. ऊब आली की जाईल."

तुम्ही बराच वेळ माझे ओठ बघत राहिलात, मी बोलून थांबले तरी. मग म्हणालात, "तू म्हनतीस, म्हंजी घरचाच." आवाजात राग नव्हता. उलट थोडी गंमत होती, कुणाचा तरी जुना डाव ओळखल्यासारखी. आणि तुम्ही भिंतीकडे तोंड फिरवलंत. तुम्ही तोंड फिरवलं की तुम्हाला काही सांगता येत नसे. मी तुमच्या पाठीला सगळं बोलले, ढब कधी आला, मी ओठ कसे उघडे ठेवले, कोपर किती जवळ होतं. आई दारात उभी राहून ऐकत होती. सगळं ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "आता तू बी पाठीला बोलायला लागलीस व्हय." दुसऱ्या दिवशी दुपारी तुम्ही गेलात.

तर आजची सकाळ. मुलींच्या रांगांमधून मी आवारात उतरले आणि सगळ्यांसमोर अध्यक्षांना म्हटलं, "हा थंडीचा आवाज नाही. आतलं बेरिंग गेलं आहे. गाडी आत्ताच बंद करा, नाहीतर वाटेत दांडा तुटेल." अध्यक्षांनी आधी थट्टाच केली, मग जवळच्या कारखान्यातून मिस्त्रीला बोलावून घेतलं. मिस्त्रीनं दोन मिनिटं ऐकलं आणि बाई म्हणतात तेच खरं म्हणाला. अध्यक्ष ड्रायव्हरकडे वळले. "बाईमाणसाला कळतं, आणि तुला कळत नाही? इतकी वर्षं काय गाढवं हाकलीस?" मुली खिदळल्या. त्याला तिथल्या तिथे सांगितलं गेलं की उद्यापासून येऊ नकोस. त्यानं सरकारी शिपायासारखा शिवलेला कोट काढला, घडी केली आणि सीटवर ठेवला. आत फाटका सदरा होता आणि थंडी अजून ओसरली नव्हती. जाताना तो व्हरांड्यापाशी, मी परत येऊन उभी होते तिथे, थांबला. मला वाटलं, शिव्या देईल. "तुमचं खरं हाय बाई," तो म्हणाला. "पर मला बाजूला घिऊन सांगितलं असतं, तर म्याच साहेबास्नी सांगून गाडी बंद केली असती की."

बाजूला घेऊन सांगता येतं, हे मला सुचलंच नाही, असं लिहिणार होते. ते खोटं आहे. व्हरांड्याच्या पायऱ्या उतरताना मला ते सुचलं होतं. पाच पायऱ्या आहेत. त्यानंतर मी मुलींना खरं बोलण्याबद्दल चार शब्द सांगितले, आणि अध्यक्षांनी बक्षिसं वाटली. प्रशस्तिपत्रं जाड पुठ्ठ्याची होती, सोनेरी कडेची. त्या माणसाची खोलीही अध्यक्षांच्या बंगल्यामागेच आहे की काय, ते मी विचारलं नाही.

एक बहिरा माणूस होता, क्रूर होता, त्याला मी खोटं बोलून मोडलं. एक कानानं धड माणूस होता, माझं त्यानं काही बिघडवलेलं नव्हतं, त्याला मी खरं बोलून मोडलं. पुस्तकांत या दोन गोष्टी फार लांब लांबच्या असतात. मुलींना मी तसंच शिकवते आणि सोमवारी पुन्हा तेच शिकवायचं आहे. तुमची काठी माझ्या वर्गात आहे. फळ्यावरचं दाखवायला मी ती वापरते, आणि कधी फक्त दाखवायला नाही.

हे पत्र कुठे पाठवणार? तुम्हाला वाचता येत नव्हतं, आणि मोठ्यानं वाचावं तर तुमचं तोंड भिंतीकडे आहे. पाठवलं असतं तरी कागद पातळ आहे, तुमच्या कामाचा नाही. वहीत राहू दे. एवढं मात्र लिहून ठेवते, कारण ते तुम्ही कधी विचारलं नाहीत. त्या सकाळी "न्हाय" म्हटल्यावर मला भीती वाटली नव्हती. आणि आज तो माणूस कोट काढत होता तेव्हा मला त्याची दया आली नाही. ती आत्ता, घरी आल्यावर आली. आवारात सगळे माझ्याकडे बघत होते आणि बरोबर ऐकणारी तिथे मी एकटी होते. दोन्ही वेळा, आप्पा, मला बरं वाटलं.